डाव्या कवाडाची चोरी

१

सोमवारी सकाळी तुळसाबाईनं मुलींच्या खोलीचं कुलूप काढलं आणि झाडू घेऊन आत पाऊल टाकलं, तर समोरचा पडदा हलत होता.

खोलीच्या खिडक्या शनिवारपासून बंद होत्या. पंख्याचं बटणही बंद. पडदा मात्र कुणी मागून फुंकर मारावी तसा फुगत होता. तुळसाबाईनं झाडूच्या टोकानंच तो बाजूला केला.

पडद्यामागे जुनं दोन कवाडांचं सागवानी दार होतं. पलीकडे खेळाच्या सामानाची खोली. हे दार कुणी वापरत नसे. मुलींच्या बाजूनं त्याला वर-खाली कड्या लावलेल्या असायच्या आणि त्यावर हा पडदा. आज उजवं कवाड जागेवर होतं. डावं नव्हतंच. त्या जागेतून पलीकडच्या भाल्यांचा जुडगा आणि गुंडाळलेल्या गाद्या दिसत होत्या.

"अवो माय!" तुळसाबाई व्हरांड्यात धावली. "कवाड गेलं! सर, कवाड गेलं!"

यवतमाळात कापसाचा व्यापार जोरात होता त्या काळात एका दानशूर अडत्यानं ही काळ्या दगडाची इमारत बांधून कॉलेजला दिली होती. रुंद व्हरांडे, सागवानी जिना, माणसाच्या दुप्पट उंचीची दारं. याच आठवड्यात, गुरुवारी, तिचा शताब्दी सोहळा आणि त्याला जोडूनच विद्यार्थ्यांचं स्नेहसंमेलन. प्राचार्य श्रीकृष्ण दाणी रिकाम्या चौकटीसमोर उभे राहिले आणि त्यांनी डोक्याला हात लावला. मुलींच्या खोलीला बाहेरून कुलूप, सामानाच्या खोलीलाही बाहेरून कुलूप. दोन्ही कुलपं शाबूत. मग दोन माणसांनाही जड जाईल असं कवाड गेलं कुठून?

पोलिसांना बोलवावं तर पेपरात येणार. दाणी सरांनी शोभाताई पांढरीपांडेंना फोन लावला.

शोभाताई याच कॉलेजात शिकल्या होत्या. पुढे सरकारी वकील झाल्या आणि त्यांच्या उलटतपासणीला भलेभले घाबरत. आता निवृत्त होऊन त्या गुडघेदुखी आणि कॉलेजची विकास समिती अशा दोन गोष्टी सांभाळत होत्या.

"कवाड?" त्या फोनवर म्हणाल्या. "एकच?"

"हो, एकच."

"मग येते," शोभाताई म्हणाल्या. "दोन्ही गेली असती तर आले नसते."

२

"सागाला आज सोन्याचा भाव आहे, ताई," दाणी सर सांगत होते. "जुनं सागवान तर मिळतच नाही. लाकडासाठीच नेलं असणार."

"लाकडासाठी आलेला चोर उजवं कवाड ठेवून कशाला जाईल?" शोभाताई चौकटीजवळ गेल्या. "आणि पलीकडच्या खोलीत शिरायचं असेल तर कड्या काढल्या की झालं. कवाड उचलायची गरज काय? ज्यानं नेलं त्याला लाकूडही नको होतं आणि वाटही नको होती. त्याला हेच कवाड हवं होतं."

त्या वाकून बिजागऱ्या बघू लागल्या. दार मुलींच्या खोलीत उघडणारं होतं, त्यामुळे बिजागऱ्यांचे सांधे याच बाजूला होते. सांध्यांतल्या लोखंडी सळया काढून कवाड सोडवलं होतं आणि नंतर त्या सळया पुन्हा जागच्या जागी नीट खोचल्या होत्या. इतकी वर्षं गंजलेल्या सळया निघाल्या म्हणजे तेल घातलेलं असणार. शोभाताईंनी बोट फिरवून नाकाजवळ नेलं.

"खोबरेल," त्या पुटपुटल्या.

"काय म्हणालात?"

"काही नाही. पलीकडची खोली दाखवा."

सामानाच्या खोलीची किल्ली क्रीडा शिक्षक क्षितिज इंगोले यांच्याजवळ असे. तिशीतला हसतमुख माणूस. मुलांमध्ये मूल होऊन वावरणारा, मैदानावर सगळ्यांच्या आधी हजर असणारा. तो लगबगीनं आला आणि त्यानं खिशातून जुडगा काढला. कुलपात किल्ली घालताना शोभाताईंना तिच्या दातांवर गुलाबी रंगाचा ठिपका दिसला.

"किल्ली दुसऱ्या कुणाला देता का?"

"कुणालाच नाही, मॅडम. ऋतिक आमच्या कबड्डी संघाचा कॅप्टन आहे, पण त्यालाही देत नाही. पूर्वी सामान फार हरवायचं. मी आल्यापासून एक चेंडू गेला नाही."

खोलीत गाद्या हरवलेल्या कवाडाच्या जागेला लागूनच रचून ठेवल्या होत्या. बसायला सोयीची अशी उंची. धुळीवर ओढाताणीची खूण नव्हती.

"मॅडम, एक सुचवू का?" क्षितिज सर हळूच म्हणाले. "शोधाशोध करण्यात वेळ जाईल. पाहुणे येणार आहेत. मी माझ्या खर्चानं सुताराकडून दुसरं कवाड बसवून घेतो. कॉलेजनं मला खूप दिलं आहे. आणि..." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "नाव घेऊ नये, पण ऋतिकच्या वडिलांची लोहारा गावात लाकूड कापायची आरामशीन आहे. लाकूड कापून झालंसुद्धा असेल. पोराचं आयुष्य बरबाद व्हायला नको."

दाणी सरांचे डोळे पाणावले. "असे शिक्षक मिळायला भाग्य लागतं, ताई."

शोभाताई गाद्यांकडे बघत होत्या.

३

चौकशीसाठी त्यांनी सभागृह निवडलं. तिथं नाटकाची तालीम चालू होती. नाटकात लग्नघर होतं, त्यामुळे रंगमंचावर पाट, समया, कागदी तोरणं आणि पंगतीचं एक लांब टेबल मांडलेलं होतं. त्यावर फुलाफुलांची जाड सतरंजी. शोभाताई त्याच टेबलाशी बसल्या. कॅन्टीनमधून तर्री-पोहे आणि चहा आला. त्यांनी कप टेबलावर ठेवला तर तो कलंडला आणि चहा सतरंजीवर सांडला. त्यांनी थोडा सरकवून ठेवला, तेव्हा राहिला.

तुळसाबाई पहिली आली.

"शनिवारी संध्याकाळी तुम्ही कुलूप लावलं तेव्हा कवाड होतं?" शोभाताईंनी विचारलं.

"होतं नं जी."

"पाहिलं होतं?"

तुळसाबाई म्हणाली, "पडदा पाह्यला होता. पडदा होता म्हून कवाडबी असनच, असं वाटलं. रोज कोन पडदा उचलून पायते?"

शोभाताई हसल्या. कुलूपबंद खोल्यांचं कोडं सुटलं होतं. कुलूप लागायच्या आधीच, शनिवारी दिवसाउजेडी, कवाड बाहेर पडलेलं होतं. कॉलेजात माणसं असताना.

ऋतिक आला तो खांदे ताठ करून. बसा म्हटल्यावरही बसला नाही.

"माह्यं नाव घेतलं असनच कोणीतरी. बापाची आरामशीन हाय नं आमच्या. पण मॅडम, येकटं कवाड घेऊन मी काय करू? जुन्या दाराले जोडी असली तं गिऱ्हाईक मिळते."

"शनिवारी तू इथं होतास?"

"मैदानावर होतो."

"मैदानावरून व्हरांडा दिसतो."

ऋतिकनं नजर खाली घातली. "दिसते. पोट्ट्या नाटकाचं सामान नेऊन राह्यल्या होत्या. मी मदत कराले गेलतो, तं नको म्हणल्या. झालं."

"काय सामान होतं?"

"मले काय माहीत? झाकलेलं होतं." तो दारापर्यंत गेला आणि थांबला. "मॅडम, त्या पोट्ट्याइले तरास नका देऊ. त्या काही वाईट करनाऱ्या नाईत."

मग मिताली आली. नाटकाची दिग्दर्शिका. वडील कोर्टात अधीक्षक, घर गावातच. प्रत्येक उत्तर पाठ केल्यासारखं देत होती. कवाड नाही माहीत. शनिवारी तालीम होती. सामान आणलं, हो, नाटकाचंच. बोलताना ती टेबलावरच्या सतरंजीची घडी सारखी सारखी सरळ करत होती.

शोभाताईंची नजर तिच्या बोटांवर गेली आणि तिथंच खिळली.

नखांवरचा रंग अर्धा उडालेला होता. तोच गुलाबी. क्षितिज सरांच्या किल्लीच्या दातांवर होता तोच.

"ती किल्ली तुझ्या हातात कधी आली, मिताली?" त्यांनी अचानक विचारलं.

"कोणती किल्ली?" मिताली खरोखरच गोंधळली. "कोणाची?"

चाळीस वर्षं खोटं ऐकलेल्या कानांना तेवढं पुरे होतं. या मुलीनं ती किल्ली पाहिलेलीसुद्धा नव्हती.

मग रंग तिथं पोचला कसा?

४

"सगळ्याजणी या," शोभाताईंनी नाटकातल्या मुलींना हाक मारली. "दारं लावून घ्या. आणि हे पोह्यांचं ताट कुणीतरी धरा."

सहा मुली टेबलाभोवती उभ्या राहिल्या. शोभाताईंनी सतरंजीचं टोक धरलं.

"मला काही टेबलावर चहा ठेवता येत नाही असं नाही," त्या म्हणाल्या. "पण या टेबलाला मध्येमध्ये खोलगट चौकोन आहेत. जुन्या दाराला असतात तसे."

त्यांनी सतरंजी ओढली. खाली दोन बाकांवर आडवं ठेवलेलं, काळपट तुळतुळीत सागवानी कवाड होतं. मधल्या भागात, चौकोनाच्या कडेशी, एक छोटंसं भोक. करंगळीसुद्धा जाणार नाही एवढं. भोवतीचं लाकूड मात्र पिवळं, ताजं. हे जुनं भोक नव्हतं.

मग मागून एक बारीक चणीची मुलगी पुढे आली. मारेगावकडची निकिता आस्वले. नाटकात नवरीचं काम तिचंच होतं.

"मी काढलं," ती म्हणाली. "ह्याइनं फक्त उचलू लागलं."

"बस," शोभाताई म्हणाल्या. "आणि पोहे खा आधी."

निकिता बसली, पण तिनं ताटाला हात लावला नाही.

"आमी त्या खोलीत कपडे बदलतो, मॅडम. नाटकाचे. एक दिवस पडदा धुवाले काढला तं हे दिसलं. आधी वाटलं, कीड लागली असन. मी साबनाचा तुकडा कोंबला. दुसऱ्या दिवशी साबन खाली पडला होता. कोनीतरी तिकून ढकलला होता."

"मग?"

"मग मितालीनं कापसाचा बोळा केला आनि नखाच्या रंगाची आख्खी बाटली त्याच्यावर ओतली. वाळून दगडासारखं झालं ते. दोन दिवसांनी पाह्यलं तं तेबी कोरून काढलेलं." तिचा आवाज फुटला. "तवा समजलं का हे भोक आपोआप नाई झालं. कोनीतरी बसते तिकडे. आनि पडद्यालेबी त्याच जागी कातरलेलं होतं, बारीक."

"कोण ते कळलं?"

सगळ्यांनी नकारार्थी माना हलवल्या.

"सरांना का नाही सांगितलंत?"

"कायले सांगू?" निकिताचा स्वर एकदम चढला. "चौकशी लागन. आमाले बोलावतीन, नाव लिहितीन. गावात जाईन. माह्या बाबाले समजलं का, दुसऱ्या दिवशी बॅग भरून घरी. आमच्या घरातून कालेजात आलेली मी पहिली पोट्टी हाय. माह्या मागं बहीन हाय, तिचंबी बंद. ज्यानं केलं तो राहीन इथंच, आनि आमी जाऊ. असंच होते नं, मॅडम?"

असंच होताना शोभाताईंनी अनेकदा पाहिलं होतं.

"एक बुजवलं तर त्यानं दुसरं पाडलं असतं," मितालीनं पुढे सांगितलं. "म्हणून म्हटलं, कवाडच नाहीसं झालं तर ती खोली आम्हाला कपडे बदलायला देणारच नाहीत. कुणाला काही सांगावंही लागणार नाही. लोक म्हणतील, चोरी झाली. फेकलं नाही आम्ही. पुरावा आहे ना तो."

"तेल कुणाचं?"

"माह्यं," मागून एक मुलगी म्हणाली. "डोक्श्याचं."

एवढ्या ताणातही दोघीतिघींना हसू फुटलं. शोभाताईही हसल्या. मग त्यांनी सतरंजी पुन्हा नीट पसरली आणि त्या उठल्या.

"कोण ते मला कळलंय," त्या म्हणाल्या. "पण पुढे काय करायचं ते तुम्ही ठरवायचं. मी तुमच्या आधी एक पाऊलही टाकणार नाही."

मुली एकमेकींकडे बघत राहिल्या. मिताली म्हणाली, "सगळ्यांच्या सह्या करू. म्हणजे एकटीचं नाव होणार नाही."

"आधी मीच पाह्यलं होतं ते भोक," निकिता म्हणाली. तिनं ओढणीनं डोळे पुसले. "माह्यं नाव पहिलं टाका."

५

प्राचार्यांच्या खोलीत क्षितिज सर सुताराचा फोन नंबर घेऊनच आले होते.

"कवाड सापडलं," शोभाताई म्हणाल्या.

क्षितिज सरांचं हसू जागेवरच राहिलं, पण त्यातला जीव गेला. "अरे वा. कुठं?"

"ते सांगते. आधी तुमचा जुडगा जरा टेबलावर ठेवा."

"का?"

"ठेवा हो, सर," दाणी सर म्हणाले. "ताईंची पद्धतच आहे तशी."

जुडगा टेबलावर आला. शोभाताईंनी सामानाच्या खोलीची किल्ली वेगळी धरली.

"दाणी सर, किल्ल्या ओळखू याव्यात म्हणून लोक रंग लावतात. मीही लावते. पण कुठं लावतात? डोक्याला. वरच्या गोलाला. दातांना कुणी लावत नाही, कुलपात अडकतो तो. या किल्लीचं डोकं कोरं आहे आणि दात गुलाबी. नीट बघा, रंगात कापसाचा तंतू अडकलाय."

त्यांनी भोकाची सगळी हकीकत सांगितली. साबण, मग रंगानं भिजवलेला कापूस, मग कोरून काढलेला बोळा. दाणी सर ऐकता ऐकता खुर्चीत मागे सरकत गेले.

"बोळा सामानाच्या खोलीतून कोरला गेला. हाताशी होतं त्यानं, म्हणजे किल्लीनं. ही किल्ली कुणालाच देत नाही असं यांनी स्वतः मला सांगितलं, मी न विचारता ऋतिकचंही नाव घेऊन. गाद्या त्याच कवाडाला लागून रचल्यात, बसल्यावर डोळा भोकाशी येईल अशा. आणि कवाड हरवल्यावर सगळे ते शोधा म्हणत होते. एकटे हेच म्हणाले, शोधू नका, नवं बसवतो. कारण ज्यानं कवाड नेलं त्याला भोक माहीत आहे, हे यांना सकाळीच समजलं होतं."

"हे... हे सगळं खोटं आहे," क्षितिज सर उठले. "नाटकातल्या मुली आहेत त्या, काहीही रचतील. सर, तुम्ही मला ओळखता!"

"मी नाटकाचं नावच घेतलं नाही अजून," शोभाताई म्हणाल्या. "बोळा कुणी भरला ते मी सांगितलेलं नाही. मोबाइल टेबलावर ठेवा. मी हात लावणार नाही, पोलिस बघतील."

क्षितिज सर मोबाइल हातात घट्ट धरून उभे राहिले. मग त्यांनी तो सावकाश टेबलावर ठेवला आणि ते खाली बसले.

दाणी सर खिडकीशी गेले. खाली व्हरांड्यात मुली तोरणं बांधत होत्या. कुणीतरी शिडी धरली होती, कुणीतरी वरून ओरडत होतं.

"ताई, सोहळा गुरुवारी आहे," ते पाठमोरेच म्हणाले. "यांचा राजीनामा घेतला आणि गुपचूप..."

"आणि हे दुसऱ्या कॉलेजात रुजू होतील. तिथंही जुनी दारं असतील."

या माणसासाठी सकाळी आपले डोळे भरून आले होते, हे दाणी सरांना आठवत असावं. ते वळले तेव्हा त्यांचा चेहरा म्हातारा दिसत होता.

"पोलिस स्टेशनला मी फोन करतो," ते म्हणाले. "प्राचार्य म्हणून तक्रार माझी. मुलींना सह्या करायच्या असतील तर माझ्या खाली घ्या. आधी माझी."

६

क्षितिज इंगोलेला पोलिस घेऊन गेले. मोबाइलमध्ये काय सापडलं ते त्यांनी कुणाला दाखवलं नाही, पण नंतर तो जामिनासाठी धडपडत राहिला एवढं सगळ्यांना कळलं. ऋतिकला दाणी सरांनी बोलावून घेतलं आणि संशय घेतल्याबद्दल कबड्डी संघासमोर त्याची माफी मागितली. तो लाजून लाल झाला.

निकिताला धास्ती होती ती वेगळीच. तिनं रात्रीच घरी फोन करून सगळं सांगितलं होतं. पलीकडून रामराव, तिचे वडील, "उद्या येतो" एवढंच बोलले होते. तिनं बॅग भरून ठेवली.

दुसऱ्या दिवशी एसटीतून उतरल्या त्या मात्र बेबीताई, तिची आई. एकट्याच. मारेगावच्या पलीकडे त्या एकदाच आल्या होत्या, लेकीला इथं सोडायला म्हणून. शेतातून निघाल्या तशाच आल्या असाव्यात, लुगड्याला कापसाचे तंतू चिकटलेले होते. शोभाताई आणि निकिता त्यांना कॅन्टीनमध्ये घेऊन गेल्या.

बेबीताई पाणी प्यायल्या. मग त्यांनी लेकीकडे बघत विचारलं, "कवाड तुमी उचललं?"

"हो."

"कितीजनी?"

"सहाजनी."

"सागाचं?"

"हो."

"लय जड असन."

"होतं." निकिताची मान खाली. "आई, बाबा काहून नाई आले?"

"येनार होते. न्याले येनार होते तुले." बेबीताईंनी पदरानं तोंड पुसलं. "मी म्हणलं, तुमी थांबा, मी जाऊन येतो."

निकिताच्या डोळ्यांत पाणी जमलं. "बॅग भरली मी."

"कायले?"

"तू न्याले आली नं."

"मी तुले पाह्याले आली." बेबीताई आता शोभाताईंकडे वळल्या. "बाई, तुमी वकील हा म्हनते पोरगी. मले सांगा, कोर्टात तिले जा लागन?"

"लागेल. मी सोबत असेन."

"मंग मीबी येईन. तारीख असली का मले फोन करा. कापूस येचाले मानसं मिळतेत, पोरीच्या संगं जाले नाई मिळत." त्या पुन्हा लेकीकडे वळल्या. "चोरी त्यानं केली आनि घरी तू काहून येशीन? पेपर कधी हायेत?"

"मार्चात."

"मंग तोवर येऊ नको घरी."

निकिता टेबलावर डोकं ठेवून रडू लागली. बेबीताईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं कमरेच्या पिशवीतून मोबाइल काढून घरी फोन लावला.

"आवाज येते का?" त्या मोठ्यानं म्हणाल्या. कॅन्टीनमधली पोरं वळून बघू लागली. "हां. भेटली. बरी हाय. नाई, आनत नाई. पोरगी परीक्षा देऊनच येईन... मी म्हणलं म्हून." पलीकडचं बोलणं त्यांनी थोडा वेळ ऐकून घेतलं. "बरं, बरं. आता ऐका. हिचं नाटक हाय परवा. नवरी झाली हे. मी पाहूनच येतो. भाकरी टोपल्यात हाय, तुमी जेवून घ्या."